मानसिक स्थिती : सामान्य

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. घाईत असाल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा.

परवा मिरवणुकीतल्या कोयत्याच्या बातमीखाली ज्या कमेंट पडल्या त्या सगळ्या वाचल्या. पकडलेल्यांत तिघं अठराच्या आतले. "सोळाव्या वर्षी कोयता उचलता येतो तर फासावरही चढता येतं." "रिमांड होम म्हणजे फुकटचं सरकारी जेवण." "भर चौकातून धिंड काढा." एका भाऊंनी तर पोरांचे फोटोच टाकले होते, ते मी काढून टाकले. राग समजू शकतो. ज्याच्या पाठीत वार बसला त्याच्या घरी मीही जाऊन आलोय. पण एवढ्या कमेंटमध्ये एकानेही हे विचारलं नाही, की या तिघांबद्दल बाल न्याय मंडळाला अहवाल कोण देणार? आणि पोराच्या डोक्यात काय चाललंय हे ओळखायला त्या माणसाला कधी कोणी शिकवलंय का?

तो माणूस म्हणजे परिविक्षा अधिकारी. आपल्याकडे दहातल्या नऊ जणांना हे पद असतं हेच माहीत नाही. पोलीस माहीत, वकील माहीत, जज्ज माहीत. पण बाल न्याय कायद्यात (२०१५ चा) सगळ्यात जास्त वजन ज्या कागदाला आहे तो कागद हा माणूस लिहितो. पोराला पहिल्यांदा मंडळासमोर उभं केलं की पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. जुने लोक त्याला गृहचौकशी म्हणतात. घरी जायचं, आईबापाला भेटायचं, शाळेत विचारायचं, शेजाऱ्यांशी बोलायचं, पोराशी बोलायचं आणि लिहायचं, की हे पोर कोण आहे, इथपर्यंत कसं आलं, आता याचं काय करावं. समज देऊन घरी सोडायचं, समुपदेशनाला पाठवायचं, परिविक्षेवर ठेवायचं, की विशेष गृहात तीन वर्षांपर्यंत पाठवायचं, हे ठरवताना मंडळ त्या कागदाकडे बघतं.

अठराच्या पुढच्यांनाही हा माणूस सुटत नाही. १९५८ च्या परिविक्षा कायद्याप्रमाणे एकवीसच्या आतल्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. म्हणजे तुमच्या-आमच्या घरातल्या कॉलेजच्या पोराने उद्या काही भलतंच केलं तरी त्याचं भविष्य याच टेबलावरून जाणार.

आता त्या कागदाकडे या. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत अहवालाचा नमुना दिलाय, नमुना ६. चांगला लांबलचक आहे. घरात कोण कोण, कमाई किती, शाळा का सोडली, मित्र कसे, सवयी काय, कोणी छळ केला का. शेवटी चौकशीचे निष्कर्ष : भावनिक घटक, शारीरिक स्थिती, बुद्धी, सामाजिक-आर्थिक घटक, कारणं, सल्ला घेतलेल्या तज्ज्ञांचं मत, आणि शिफारस. ज्याने हा नमुना केला त्याला पोरं कळत होती, यात शंका नाही. पण तो भरणारा?

एक निवृत्त परिविक्षा अधिकारी माझ्या ओळखीचे आहेत. उभी हयात त्यांनी या खात्यात काढली, चार जिल्हे फिरले. माणूस सरळ आणि पोरांवर माया करणारा. त्यांना विचारलं, साहेब, मानसिक नि भावनिक रकान्यात तुम्ही काय लिहायचात? ते हसले. म्हणाले, "सामान्य. सगळ्यांचंच सामान्य. दुसरं काही लिहिलं तर पुढचा प्रश्न येतो ना, मग कुठे पाठवलं? पाठवायचं कुठे, गाडी कोणाची, सोबत कोण जाणार? आणि खरं सांगू का, सामान्य नाही म्हणजे काय दिसतं, हे मला तरी कोणी सांगितलं होतं?"

मी विचारलं, "आणि तज्ज्ञांचं मत?"

"निरंक."

हे "सामान्य" आणि "निरंक" दोन शब्द. यात किती पोरं गेली असतील त्याचा हिशोब करा.

एक पोरगा सांगतो. गाव, गुन्ह्याची वेळ, नातेवाईक सगळं बदललंय, कारण त्याची ओळख उघड करणं गुन्हा आहे आणि तसं नसतं तरी मी केली नसती. पोरगा सोळा वर्षांचा. अकरा वर्षांचा असताना बापाने गोठ्यात फास घेतला. कर्ज, नापिकी, तेच सगळं. सकाळी धारेला म्हणून गेलेल्या या पोराने पहिल्यांदा बघितलं. त्यानंतर आई सांगते, "आधी लई बोलायचा, मग गप झाला. रात्री दचकून उठायचा. गोठ्यात जाईना, म्हणून म्हस इकली." गावाने काय केलं? कोणी म्हणालं बापाचं भूत लागलंय, कोणी गंडा बांधला. शाळेत मास्तर म्हणाले लक्ष नाही, मारामाऱ्या करतो. नववीत शाळा सुटली. पुढे गावातल्या टवाळ पोरांत बसायला लागला, गोळ्या खायला लागला. एक दिवस एका मित्राने भांडणात बापावरून बोललं. बाप कसा मेला त्याची नक्कल केली. याने हातातला चाकू चालवला. मित्र वाचला, हे दोघांचंही नशीब.

परिविक्षा अधिकारी घरी आले. आईच्या म्हणण्याप्रमाणे घरी पाऊण तास होते. शेत किती, पत्रे का स्लॅब, रेशनकार्ड कुठलं, भाऊबंदकी आहे का, सगळं नीट विचारलं. पोराशी निरीक्षणगृहात जेमतेम दहा मिनिटं बोलले. पोराने मान वर केली नाही. उत्तरं एका शब्दात. चाकूबद्दल विचारल्यावर तोंडावर काहीच भाव नाही. जाताना आईला म्हणाले, "बाई, तुमच्या पोराला पश्चात्ताप नाही."

हेच ते. वाईट हेतूने नाही म्हणाले ते. त्यांना खरंच तसं दिसलं. पण ज्याने अकराव्या वर्षी बाप लटकलेला बघितला आणि ज्याच्याशी त्यावर आजतागायत कोणी एक शब्द बोललं नाही, तो पोरगा चाकूचा विषय निघाल्यावर बधिर होतो, हे मानसिक आघाताचं अगदी पुस्तकातलं लक्षण आहे. दचकून उठणं, त्या जागेला टाळणं, एकदम भडकणं, बाकी वेळ दगडासारखं बसणं. मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. पण इतकं ऐकल्यावर "याला कोणाला तरी दाखवा" एवढं म्हणायला डॉक्टर लागत नाही. अधिकाऱ्याला हे शिकवलं असतं तर "पश्चात्ताप नाही" याऐवजी कागदावर आलं असतं : "वडिलांच्या आत्महत्येचा साक्षीदार, झोप नाही, विषय टाळतो, मानसोपचारतज्ज्ञाकडे तपासणी आवश्यक." त्याला पाच मिनिटं जास्त लागली असती.

आणि गोळ्या. हे तर जीवघेणं आहे. आपल्या भागात पोरं काय खातात हे पोलिसांना माहीत, मेडिकलवाल्यांना माहीत. मालेगावकडे "कुत्ता गोळी" म्हणतात, संभाजीनगरला "बटन". झोपेच्या, चिंतेच्या औषधांच्याच गोळ्या त्या. महिनोन् महिने खाणाऱ्याची गोळी एका दिवशी अचानक बंद झाली तर घाम, थरथर, भ्रम आणि फिटसुद्धा येऊ शकते. पोरगं पकडलं, आत टाकलं, म्हणजे गोळी बंदच की. दोन-चार दिवसांनी ते थरथरायला लागलं, बडबडायला लागलं, तर केअरटेकर म्हणतो नाटकं करतोय, नाहीतर अंगात आलंय. "शेवटची गोळी कधी खाल्ली? रोज किती? किती महिने?" हे तीन प्रश्न पहिल्या दिवशी विचारले तर पोरगं वेळेत सिव्हिलला पोचतं. हे विचारणं म्हणजे मानसोपचार नव्हे, ही साधी अक्कल आहे. पण तीही कोणीतरी शिकवावी लागते.

तसंच उदासीचं. आपल्याला वाटतं डिप्रेशन म्हणजे कोपऱ्यात बसून रडणं. किशोरवयात ते पुष्कळदा चिडचिड होऊन बाहेर येतं. पोरगं उद्धट वाटतं, घरच्यांवर धावून जातं, शाळा बुडवतं. ज्याला अक्षरंच नीट वाचता येत नाहीत, म्हणजे अध्ययन अक्षमता, त्याला "ढ" म्हणून मागच्या बाकावर बसवलं जातं आणि तिथून तो बाहेर जातो. अतिचंचल पोराला "व्रात्य" म्हणतात. लहानपणी डोक्याला मार लागलेला असतो, ते तर कोणी विचारतच नाही. मुलींचं आणखी वेगळं. घरातल्याच कोणी हात लावलेला असतो, ती पळून जाते, मग कुठेतरी चोरीत सापडते, आणि अहवालात येतं "मुलीचं वर्तन संशयास्पद". अशी वाक्यं लिहिणाऱ्यांना रात्री झोप कशी लागते देव जाणे. असो.

आता तुम्ही म्हणाल, पत्रकार भावनेला हात घालतोय. बरं, आकडे घ्या. ऑक्सफर्डचे संशोधक सीना फझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली कोठडीतल्या किशोरांची २५ सर्वेक्षणं एकत्र करून बघितली, बहुतेक पाश्चात्त्य देशांतली. मुलग्यांत साधारण दहातल्या एकाला तीव्र नैराश्य. मुलींत तेच प्रमाण २९ टक्के. मुलग्यांत अतिचंचलतेचा विकार १२ टक्क्यांच्या आसपास. वर्तनविकार निम्म्याहून अधिकांत. आपल्याकडे निम्हान्सने २०१५-१६ मध्ये जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं त्यात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक विकार आढळला. म्हणजे साध्या घरातल्या, शाळेत जाणाऱ्या पोरांसकट. मग ज्यांनी गोठ्यातला बाप बघितलाय, ज्यांनी सोल्युशन हुंगलंय, जी पोरं तीन-तीन वर्षं शाळेबाहेर आहेत, त्यांच्यात सगळ्यांची स्थिती "सामान्य" कशी? हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

लगेच एक गैरसमज खोडतो, कारण उद्या कोणीतरी स्क्रीनशॉट काढून फिरवेल. मानसिक आजार असलेला माणूस गुन्हेगार असतो असं मी म्हणत नाही. बहुतांश आजारी माणसं कोणाला बोटही लावत नाहीत, उलट मारच खातात. आणि प्रत्येक कोयतेवाला आजारी असतो असंही म्हणत नाही. काही पोरं मस्तीत असतात, काहींना कोणीतरी मोठा माणूस पैसे देऊन पुढे करतो, कारण "तू बारका आहेस, सुटशील". अशा पोराची आणि त्या गोठ्यातल्या पोराची गोष्ट वेगळी आहे, हे कळण्यासाठीच तर अहवाल असतो. दोघांच्या कागदावर एकच शब्द असेल तर अहवाल कशाला? रबरी शिक्का करून द्या, पंधरा दिवसही वाचतील.

आता सगळ्यात जास्त येणारी कमेंट. "मानसिक आजाराच्या नावाखाली श्रीमंतांची पोरं सुटतात." तुमच्या मनात पुणे आहे, माहीत आहे मला. १९ मे २०२४, कल्याणीनगर, पोर्शे, दोन जीव गेले, आणि काही तासांत जामीन. ३०० शब्दांचा निबंध. सगळ्या महाराष्ट्राने त्या निबंधावर विनोद केले, मीही केले. पण त्याच आदेशात व्यसनमुक्तीचं समुपदेशन आणि मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला याही अटी होत्या. त्यावर कोणी बोललं नाही, कारण निबंधाच्या पंक्तीला बसल्यावर त्याही अटी थट्टाच वाटल्या. यात नुकसान कोणाचं झालं? समुपदेशन म्हणजे सुटकेची पळवाट, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि त्याची किंमत आता आपल्या जिल्ह्यातली खेड्यापाड्यातली पोरं मोजतायत.

उलट नीट विचार करा. श्रीमंताच्या पोराला परिविक्षा अधिकाऱ्याच्या ज्ञानाची गरजच नाही. त्याचा बाप महागडा वकील करतो, वकील खासगी तज्ज्ञ आणतो, तज्ज्ञ पंधरा पानी अहवाल देतो. गरिबाच्या पोराला एकच तज्ज्ञ मिळतो, तो म्हणजे गृहचौकशीला आलेला सरकारी माणूस. त्यालाच काही शिकवलेलं नसेल तर मानसिक आरोग्य ही खरोखरच श्रीमंतांची सवलत होऊन बसते. तुम्हाला ही विषमता खुपत असेल तर परिविक्षा अधिकाऱ्याला शिकवा म्हणून तुम्हीच सगळ्यांत आधी ओरडलं पाहिजे.

सोळा ते अठराच्या पोरांचं तर आणखी अवघड आहे. ज्या गुन्ह्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे, त्याला कायद्यात निर्घृण गुन्हा म्हणतात. तसा गुन्हा असेल तर मंडळाने कलम १५ खाली प्राथमिक मूल्यांकन करायचं. पोराची गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि त्या वेळची परिस्थिती, हे बघून ठरवायचं की याला मोठ्यांसारखं चालवायचं की नाही. मंडळात कोण असतं? एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य. त्या सदस्यांनी सात वर्षं मुलांसाठी काम केलेलं असावं, किंवा बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र, कायदा यापैकी कशाची तरी पदवी असलेले व्यावसायिक असावेत. त्या "किंवा"मुळे मंडळात मनाचं जाणणारा एकही नसला तरी ते कायदेशीरच.

हे सर्वोच्च न्यायालयालाही खटकलं. गुरुग्रामच्या एका शाळेत २०१७ साली दुसरीतल्या मुलाचा खून झाला, अकरावीतला मुलगा आरोपी. त्या प्रकरणात जुलै २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं, की प्राथमिक मूल्यांकन हे नाजूक आणि कौशल्याचं काम आहे. मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा बालमानसोपचाराचा जाणकार नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणं ऐच्छिक राहत नाही, घ्यावीच लागेल. चांगला निकाल आहे. पण तज्ज्ञ पोराला भेटणार तो एकदा, फार तर दोनदा, आणि त्याच्यापुढे पोराचा इतिहास म्हणून कागद कुठला असणार? आपल्याच साहेबांचा. त्यात "सामान्य" लिहिलेलं असलं की तज्ज्ञाचीही सुरुवातच चुकीच्या टोकापासून.

गंमत बघा, हे काही नवीन, परदेशी फॅड नाही. बालमानसशास्त्र आणि बाल न्यायालय ही जवळपास जुळी भावंडं आहेत. शिकागोत १८९९ ला पहिलं बाल न्यायालय निघालं आणि दहाच वर्षांत, १९०९ ला, विल्यम हीली नावाच्या डॉक्टरने त्याच न्यायालयातल्या पोरांची मनं तपासायला संस्था काढली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९२४ ला मुलांचा कायदा आला, १९३६ ला सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा (आजची टाटा समाजविज्ञान संस्था) सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिने मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र उघडलं, देशातलं पहिलं. १९३७! म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी दहा वर्षं आपल्या राज्यात लोकांना कळत होतं, की पोर समजून घ्यायचं तर मन समजून घ्यावं लागतं. आज मुंबईपासून तीन-चारशे किलोमीटरवरच्या आपल्या जिल्ह्यात त्याच कामासाठी नेमलेला माणूस विचारतो, सामान्य नाही म्हणजे काय दिसतं?

मी अधिकाऱ्यांना झोडपतोय असं वाटत असेल तर थांबा. मी ज्यांना ओळखतो त्यातले काही एमएसडब्ल्यू आहेत, काही कुठल्याही शाखेची पदवी घेऊन परीक्षा देऊन आलेत. बाल संरक्षण कक्षातले तर पुष्कळसे मिशन वात्सल्यच्या कंत्राटावर. दर वर्षी मुदतवाढ येते की नाही म्हणून त्यांचाच जीव टांगणीला. स्वतःची मोटरसायकल, स्वतःचं पेट्रोल, जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात बालसंगोपनाचे अर्ज, बालविवाहाचे फोन, आणि मुंबईहून माहिती मागवली की सगळं सोडून तक्ते भरा. एका मॅडमनी मला सांगितलं, "दादा, एका पोराने माझ्यासमोर मनगट उघडून दाखवलं, ब्लेडच्या रेघा होत्या. मी घाबरले. काय बोलायचं असतं तेच कळेना. म्हणून त्याला म्हणाले, असं करू नये बाळा." घरी जाऊन त्या रडल्या. चूक त्यांची आहे का? ज्या खात्याने त्यांना टेबल दिलं, शिक्का दिला, पण एवढंही शिकवलं नाही, की "मरावंसं वाटतं का?" हे सरळ विचारायचं असतं, आणि विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, चूक त्या खात्याची आहे. आत आल्यानंतरचे पहिले काही दिवस पोरासाठी सगळ्यांत धोक्याचे असतात, तेव्हा तर रोज विचारायला हवं.

खात्याला विचारलं की उत्तर तयार असतं : प्रशिक्षण झालं. झालं म्हणजे काय, तर जिल्ह्याच्या हॉलमध्ये एक दिवस. दीपप्रज्वलन, सत्कार, मान्यवरांची भाषणं, जेवण, दुपारी पीपीटी, सही, फोटो. त्या फोटोची बातमी मीच लावलेली आहे, अनेकदा. अशा कार्यशाळेतून अज्ञानापेक्षा वाईट गोष्ट बाहेर पडते, ती म्हणजे अर्धवट ज्ञान. परत आल्यावर साहेब पोराच्या नावापुढे "सायको प्रवृत्ती" लिहितात. आधीचं "सामान्य" परवडलं.

मला निदान करणारा अधिकारी नकोय. ओळखणारा आणि पाठवणारा हवाय. गावातली आशाताई काय करते? ती टीबीचं निदान करत नाही. दोन आठवडे खोकला म्हटलं की थुंकी तपासायला पाठवते. एवढंच. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कोठडीत आलेल्या पोरांसाठी एक प्रश्नावली तयार झाली, तिचं नाव मेसी (फुटबॉलवाला नव्हे). ५२ प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही, वेळ दहा मिनिटं, आणि ती घ्यायला डॉक्टर लागत नाही. दारू-गोळ्या, राग, उदासी, जिवाचं बरंवाईट, आघात, सगळं त्यात येतं. तीच उचलून भाषांतर करा असं नाही म्हणत. आपल्या पोरांना "बाहेरचं" होतं आणि "डोकं सणकतं", ते त्यांच्या प्रश्नांत बसणार नाही. पण आपली का नाही करता येणार? बंगळुरूला निम्हान्समध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचाच "संवाद" नावाचा उपक्रम २०२० पासून आहे. बालसंरक्षणात काम करणाऱ्यांना शिकवणं हेच त्याचं काम. शिकवणारे आहेत. शिकायला पाठवणारं कोणी नाही.

आणि लांब बंगळुरूला तरी कशाला? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या रचनेत प्रत्येक जिल्ह्याला मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता धरलेला आहे, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये. आपलं निरीक्षणगृह आणि सिव्हिल यांच्यात रिक्षाने पन्नास रुपये पडतात. मी स्वतः गेलोय त्या रिक्षाने. पण सिव्हिल आरोग्य खात्याचं, निरीक्षणगृह महिला व बालविकासचं. या दोन खात्यांमधलं अंतर पन्नास रुपयांत कापलं जात नाही. बालविकासवाले म्हणतात पत्र दिलंय, आरोग्यवाले म्हणतात पत्र मिळालं नाही.

हे सोडवू शकणारा एक माणूस जिल्ह्यात आहे. बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाल संरक्षण कक्ष जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आहे. दोन्ही खात्यांच्या प्रमुखांना एका टेबलावर बसवायला त्यांना मंत्रालयात विचारावं लागत नाही. आठवड्यातून एक वार ठरवा, त्या वारी सिव्हिलचे मानसशास्त्रज्ञ निरीक्षणगृहात येतील. नव्या-जुन्या सगळ्या परिविक्षा अधिकाऱ्यांना आळीपाळीने दोन-तीन आठवडे सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत बसवा. खुर्चीवर नुसतं बसून ऐकलं तरी पीपीटीपेक्षा शंभरपट शिकतील. आणि एक परिपत्रक काढा, की अहवालात "सामान्य" हा शब्द चालणार नाही. झोप किती, भूक कशी, काय खातो-पितो-ओढतो, घरात कोण गेलं, डोक्याला मार लागला का, जिवाचं काही केलं का, हे लिहा. यात बांधकाम नाही, टेंडर नाही. कदाचित म्हणूनच होत नसावं. (हे शेवटचं वाक्य आमच्या संपादकांनी पेपरात कापलं असतं, इथे राहू देतो.)

ज्याच्यावर वार झाला त्याचं काय, हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, आणि यायलाच हवा. ज्या पोरावर वार झाला त्याच्या वडिलांशी मी बोललो. ते म्हणाले, "आत टाका नाहीतर बाहेर ठेवा, पण तो परत कोणाला मारणार नाही असं करा." त्यांना सूड नकोय असं नाही, राग आहेच, डोळ्यांत दिसतो. पण त्यांचं म्हणणं आपल्या कमेंटपेक्षा जास्त व्यवहारी आहे. विशेष गृहातली मुदत संपली की पोरगं घरीच येतं, आपल्याच गावात, आपल्याच एसटीत आपल्याशेजारी बसतं. आत असताना त्याची गोळी सुटली का, झोप आली का, राग आला की काय करायचं हे त्याला कोणी शिकवलं का, याच्याशी तुमचा-माझा थेट संबंध आहे. कायद्यातही हे आहे : कलम ५३ मध्ये पुनर्वसनाच्या सेवांत मानसिक आरोग्य स्पष्ट शब्दांत लिहिलंय, आणि आजारी किंवा व्यसनी पोराला उपचाराच्या ठिकाणी हलवण्याचा अधिकार कलम ९३ ने मंडळाला दिलाय. पण मंडळ हलवणार कधी? त्याला कोणी सांगितलं तर. सांगणार कोण, हे आता वेगळं लिहीत नाही.

तो गोठ्यातला पोरगा सध्या जामिनावर घरी आहे. मामाबरोबर वीटभट्टीवर जातो. त्याला अजून कोणी दाखवलेलं नाही. मी आईला टेलिमानसचा नंबर दिलाय, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुमच्याही कोणाला लागला तर लावा, यात लाज कसली. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन सिव्हिलला जायचं ठरलंय. म्हणजे जे काम सरकारी कागदाने करायचं ते आता एक पत्रकार आणि एक रिक्षावाला करणार.

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून काल माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. विचारलंय : जिल्ह्यात परिविक्षा अधिकाऱ्यांची मंजूर पदं किती, भरलेली किती; गेल्या तीन वर्षांत यातल्या प्रत्येकाला मानसिक आरोग्याचं किती तासांचं प्रशिक्षण मिळालं, कोणी दिलं; गेल्या तीन वर्षांतल्या किती अहवालांत "तज्ज्ञांचे मत" हा रकाना भरलेला आहे. नाव-गाव मागितलेलं नाही, फक्त संख्या. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथे टाकतो, आणि नाही आलं तर अपिलाची तारीख टाकतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या पत्रकार मित्रांनी हाच अर्ज आपापल्याकडे टाकावा, मसुदा इनबॉक्सला मागा.

कमेंट मोकळेपणाने करा, शिव्याही चालतील. फक्त मिरवणुकीतल्या त्या तिघांचं नाव, फोटो, शाळा किंवा गल्ली लिहू नका. कलम ७४ खाली सहा महिने कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, आणि तुमचा दंड मी भरणार नाही.